खांदेपालट

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही काय करता?" आयटीतल्या मंडळींचं बरं असतं, एका शब्दात काम भागतं. मी "थेरपिस्ट" म्हटलं की बहुतेकांना फिजिओथेरपिस्ट वाटतं. दोघा-तिघांनी तर हातातली प्लेट सांभाळत मला आपला दुखरा खांदाही दाखवला आहे. मग मी "मनाची" असा खुलासा करते आणि समोरच्याचा आवाज एकदम खाली येतो. "म्हणजे जीव द्यायच्या गोष्टी करणारी माणसंही येतात का हो तुमच्याकडे? तुम्हाला कसं झेपतं ते?"

येतात. गेली पंचवीसएक वर्षं मी इथे न्यू जर्सीत हेच काम करते आहे आणि असा विचार मनात घोळवणारी माणसं माझ्याकडे नेहमीच असतात. "कसं झेपतं" याला रांगेत उभ्या उभ्या देण्याजोगी दोन उत्तरं आहेत. एक, "सवय होते." दुसरं, "आपण अलिप्त राहायचं." दोन्ही सोयीची आहेत आणि दोन्ही खोटी आहेत. सवय झालेल्या थेरपिस्टकडे मी माझ्या ओळखीच्या कुणालाही पाठवणार नाही. अलिप्ततेबद्दल पुढे लिहिते. स्मरणिकेसाठी लेख द्या असं संपादकांनी सांगितलं तेव्हा वाटलं, हे उत्तर एकदा सवडीनं द्यावं. (ज्या माणसांबद्दल लिहिते आहे त्यांची ओळख पटेल असं काहीही यात ठेवलेलं नाही.)

आधी थोडी वस्तुस्थिती. १९८८ साली अमेरिकेत दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. औषधं देणारे जे मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, त्यांच्यातल्या ५१ टक्क्यांनी आणि मानसशास्त्रज्ञांपैकी २२ टक्क्यांनी सांगितलं की आपला निदान एक रुग्ण तरी आत्महत्येनं गेला. म्हणजे आमच्या धंद्यात हा अपघात नव्हे. गवंडी परांचीवरून पडू शकतो, तसा हा कामातलाच धोका आहे. फक्त इथे पडणारा दुसराच कुणी असतो.

मग प्रश्न येतो, तुम्हाला आधी कळत नाही का? याच प्रश्नावर माझ्या आधीच्या पिढीनं पुष्कळ मेहनत घेतली. टेक्सासमधले अ‍ॅलेक्स पोकॉर्नी यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या ४,८०० रुग्णांची कसून तपासणी केली, मग पुढची काही वर्षं त्यांचा माग ठेवला. त्यातले ६७ आत्महत्येनं गेले. १९८३ साली त्यांनी निष्कर्ष छापला. हाताशी असलेली सगळी माहिती वापरून यादी केली तर हजाराहून जास्त माणसं उगीचच धोक्याच्या यादीत येत होती, आणि तरीही गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी यादीतून निसटत होती. २०१७ साली मागच्या पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यानंही तेच सांगितलं. एकेका लक्षणावरून केलेलं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा फार काही बरं नसतं. आज समोर बसलेलं माणूस दुःखात आहे, धोक्यात आहे, एवढं मला नक्की कळतं. पुढच्या मंगळवारी ते येईल की नाही हे मला कळत नाही. कुणालाच कळत नाही.

खरा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. जे आधी ओळखता येत नाही, ज्याच्यावर आपला ताबा नाही, त्याची जबाबदारी घ्यायची म्हणजे काय करायचं? आणि घ्यायची नसेल, तर मग दर आठवड्याला पन्नास मिनिटं त्या माणसासमोर बसण्याचा अर्थ काय?

आपल्याकडे यावर एक घरगुती औषध तयार असतं, निष्काम कर्म. माझ्या मावशीचे यजमान चांगले अभ्यासू, गीतेवर बोलायला त्यांना अजून बोलावणी येतात. मी हे काम सुरू केलं तेव्हा ते फोनवर म्हणाले होते, "तू उपचार कर, फळ त्याच्यावर सोड, म्हणजे त्रास नाही." काकांबद्दल आदर ठेवून सांगते, हे औषध मला लागू पडलं नाही. कारण समोरचं माणूस जो ठाम समज घेऊन आलेलं असतं तो नेमका हाच असतो, की आपण राहिलो काय आणि गेलो काय, कुणाला काही फरक पडत नाही. अशा माणसाला अलिप्तपणाचा वास पहिल्या पाच मिनिटांत येतो. "तू जगावंस असं मला वाटतं," ही उघड, सकाम इच्छा तिथे औषधाचा भाग असते. ती काढून घेतली तर उरतो तो प्रश्नावलीचा कागद.

पण ती इच्छा घट्ट धरून बसलं तरीही पंचाईत होते. घाबरलेला थेरपिस्ट ऐकत नाही, तो फक्त धोक्याचे शब्द वेचत असतो. पूर्वी आमच्याकडे एक पद्धत होती. "मी स्वतःला इजा करणार नाही" अशा कागदावर क्लायंटची सही घ्यायची. या करारानं जीव वाचतात असा पुरावा मिळाला नाही, आणि आता ती पद्धत मागे पडली आहे. माझ्या मते तो कागद क्लायंटसाठी नव्हताच, थेरपिस्टला रात्री झोप यावी म्हणून होता. थोडी शंका आली की रुग्णालयात दाखल करून मोकळं होण्याचंही काही वेळा तसंच असतं. दाखल करणं कधी कधी अगदी आवश्यक असतं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात हेही आता पक्कं माहीत आहे. म्हणजे दारापर्यंत पोचवून आपण हात झटकले असं करता येत नाही.

आता एक गोष्ट लिहिते, जी जेवणाच्या रांगेत बोलायची सोय नाही. अशा माणसांबरोबर काम करताना राग येतो. १९७४ साली माल्ट्सबर्गर आणि ब्यूई या बॉस्टनच्या दोन डॉक्टरांनी एक निबंध लिहिला. आत्महत्येच्या विचारात असलेल्या रुग्णाबद्दल उपचार करणाऱ्याच्या मनात द्वेष उत्पन्न होतो, असं त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की या द्वेषाचे दोन पदर असतात. एक चीड, "सारखं सारखं काय हे!" दुसरा पदर म्हणजे पाठ फिरवावीशी वाटणं, हे माणूस आपल्या यादीतून जावं असं वाटणं. या दोन्हींत दुसरा जास्त घातक, कारण चीड निदान जाणवते. पाठ फिरवणं मात्र सभ्य कपडे घालून येतं. अपॉइंटमेंट पुढे ढकलली जाते, "तुम्हाला माझ्यापेक्षा दुसरा कुणीतरी जास्त उपयोगी पडेल" असं सुचवलं जातं. ज्याला आधीच सगळ्यांनी सोडलं आहे असं वाटतं, त्याला आणखी एक पुरावा मिळतो.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. ज्यांनी घरी दीर्घकाळ आजाऱ्याचं केलं आहे त्यांना हे समजेल. वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेल्या सासऱ्यांचं सगळं प्रेमानं करणाऱ्या सुनेच्या मनात एखाद्या रात्री "सुटेल तर बरं" असं येऊन जातं आणि ती स्वतःलाच घाबरते. मनात येण्यात पाप नाही. ते कुणालाही सांगता न येण्यात धोका आहे.

आमच्या क्षेत्रात हे सर्वांत नीट कुणी ओळखलं असेल तर सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनहॅन यांनी. सतत मरणाच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या माणसांसाठी त्यांनी 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' नावाची पद्धत घडवली, १९९३ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. २००६ साली त्यांच्या गटानं एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात अनुभवी तज्ज्ञांच्या नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या पद्धतीनं आत्महत्येचे प्रयत्न निम्म्यावर आले होते. आणि २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं की वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात होत्या, दोन वर्षांहून जास्त. जिथे त्या रुग्ण होत्या तिथेच उभं राहून त्यांनी हे सांगितलं.

या पद्धतीत क्लायंटला काय शिकवतात ते लिहीत बसले तर अंक पुरणार नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, की लिनहॅन यांनी उपचाराचे जे अनिवार्य भाग ठरवले त्यातला एक भाग क्लायंटसाठी नाहीच, तो थेरपिस्टसाठी आहे. दर आठवड्याला सगळ्या थेरपिस्टनी एकत्र बसायचं. ही बैठक ऐच्छिक नाही. बैठकीला न येणारा थेरपिस्ट ही थेरपी करतोच आहे असं धरलं जात नाही. औषधाच्या गोळीतून एक घटक काढून टाकल्यासारखं ते होतं.

आमची बैठक गुरुवारी सकाळी असते. पाच-सहा जणं. आधी एक मिनिट शांत बसतो, मग ज्याच्या क्लायंटच्या जिवाला सर्वांत जास्त धोका त्याची पाळी पहिली. त्यानंतर ज्याची स्वतःची बॅटरी उतरली आहे त्याची. इथे "क्लायंट असा वागतो, तसा वागतो" हे थोडक्यात आटपायचं आणि "मी काय करतो आहे, मला कशाची भीती वाटते आहे" हे सांगायचं. कुणी क्लायंटला नावं ठेवायला लागलं, किंवा अवघड विषयाला बगल देऊन गोड गोड बोलायला लागलं, की एक जण छोटी घंटा वाजवतो. पहिल्या वर्षी मला ती घंटा आरतीतल्यासारखी वाटायची आणि हसू यायचं. नंतर तिचा धाक बसला. सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं की आपण सगळे चुकणारी माणसं आहोत, त्यामुळे स्वतःचा बचाव करण्यात वेळ घालवायचा नाही. एरवी परीक्षेत पहिला नंबर काढायच्या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारखीला ही अट सोपी नव्हती!

त्या पद्धतीतली आणखी एक गोष्ट मला नैतिकदृष्ट्या फार मोलाची वाटते. प्रत्येकानं स्वतःच्या मर्यादा ओळखायच्या आणि त्या आपल्या म्हणून सांगायच्या. क्लायंटला अडचणीच्या वेळी फोन करायची मुभा असते. मी रात्री दहानंतर फोन घेत नाही. हे सांगताना "तू स्वावलंबी व्हावंस म्हणून" असं मी म्हणू शकते, ऐकायलाही ते छान वाटेल. पण खरं कारण असं आहे, की दहानंतर मी पेंगुळलेली असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघायचं असतं. तेच सांगायचं, आणि दहानंतर कुठे फोन करायचा तेही लिहून द्यायचं. आपल्या घरांतून मर्यादा सांगणं म्हणजे प्रेम कमी पडणं असं मानलं जातं. माझ्या अनुभवात उलट घडतं. मर्यादा न सांगणारा माणूस एक दिवस अचानक तुटतो, आणि तेव्हा समोरच्याला वाटतं, दोष माझाच.

त्या निष्काम कर्माच्या मुद्द्याकडे एकदा वळते. गुरुवारच्या बैठकीत बसताना मला कधी कधी वाटतं, फळाची चिंता सोड हा उपदेश अर्जुनाला काही एकट्याला ईमेलनं आलेला नव्हता. सांगणारा त्याच रथावर बसला होता. काकांना हे ऐकवलं तेव्हा ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "पुढच्या प्रवचनात वापरतो."

माझ्या कामाच्या काळात तो फोन मला एकदा आला. माणूस माझ्याकडे दोन वर्षं येत होतं. त्याबद्दल जास्त लिहिण्याचा मला अधिकार नाही. गुप्ततेचं बंधन माणूस गेल्यावरही सुटत नाही. त्यामुळे घरी नवऱ्यालाही नाव सांगता येत नाही. मला त्या दिवसांत एक विचित्र गोष्ट जाणवली, माझ्या दुःखाला सुतक नव्हतं. आपल्याकडे कुणी गेलं की दहा दिवस लोक येतात, भेटतात, पिठलंभात आणून देतात, गेलेल्याच्या आठवणी काढतात. थेरपिस्टकडे भेटायला कोण येणार? दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दुसरं माणूस समोर बसलेलं होतं आणि तेही त्याच विचारांशी झगडत होतं. वर या देशात वकील आणि विमा कंपन्या अशा वेळी कुटुंबाशी कमीत कमी बोलण्याचा सल्ला देतात. मी सल्ला घेतला आणि सांभाळून का होईना, भेटायला गेले. त्यांच्या आईनं माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. मी काही बोलले नाही, त्यांनीही काही विचारलं नाही.

त्या गुरुवारी बैठकीत कुणीही "तुझा काय दोष" असं म्हणालं नाही. ते फार लवकर म्हटलेलं सांत्वन असतं, त्यानं तोंड बंद होतं. त्यांनी मला पहिल्या भेटीपासून सगळं सांगायला लावलं. तारीख, काय बोललो, काय ठरवलं. दोन तास लागले. मग माझ्यासोबतच्या एकीनं माझ्या त्या आठवड्यातल्या दोन जोखमीच्या क्लायंटना आपल्याही फोनचा नंबर दिला, माझ्या बरोबरीनं. माझी कामं तिनं काढून घेतली नाहीत. पालखी वाहणारे चालता चालता खांदेपालट करतात, पालखी खाली ठेवत नाहीत, तसं ते होतं. (मराठी वर्तमानपत्रांनी हा शब्द मंत्रिमंडळासाठी वापरून पार गुळगुळीत केला आहे, पण मूळ अर्थ फार चांगला आहे.)

हे सगळं मंडळाच्या स्मरणिकेत कशाला, असं कुणाच्या मनात येईल. तर आता तेच सांगते. माझ्याकडे टीम आहे, पगार आहे, प्रशिक्षण आहे आणि संध्याकाळी मी घरी जाते. पण हेच काम चोवीस तास, बिनपगारी, एकटीनं करणारी माणसं आपल्यातच आहेत. मुलगा हायस्कूलमध्ये किंवा कॉलेजात, त्याच्या मनात हे विचार आहेत हे आईला कळलेलं असतं. ती रात्री दोनदा उठून त्याच्या खोलीचं दार किलकिलं करून बघते. आणि हे तिच्या बहिणीलाही माहीत नसतं, कारण "बाहेर कळायला नको, पुढे मुलाचं कसं होणार." गणपतीला ती पंचवीस जणांचे मोदक करते, नाटकाच्या तालमीला येते, हसते. कधी कधी नवरा-बायकोही एकमेकांशी त्यावर बोलत नाहीत. दोघंही एकेकटे तेच ओझं वाहत असतात.

अशा एका बाईंना मी विचारलं होतं, "तुमची टीम कोण?" त्यांना प्रश्नच कळला नाही. मग आम्ही कागद घेऊन बसलो. पहिली दहा मिनिटं कागद कोरा. नंतर एक एक नाव आलं. नाशिकची धाकटी बहीण, जिला वेळेच्या फरकामुळे इथल्या मध्यरात्रीही फोन करता येतो. शेजारची कोरियन बाई, जिच्याशी इतकी वर्षं फक्त कुंडीतल्या मिरच्यांची देवाणघेवाण होती. मुलाच्या शाळेतली समुपदेशक. आणि नवरा, ज्याचं नाव त्यांनी सर्वांत शेवटी लिहिलं. प्रत्येकाला काय सांगायचं, किती सांगायचं, हे मुलाला विचारून ठरवलं, कारण गुपित त्याचं आहे. मुलगा म्हणाला, मावशीला सांगितलं तर चालेल, पण आजीला नको. ठीक आहे, आजीला नको.

पालकांची आणखी एक भीती असते, की थेट विचारलं तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आत्महत्येबद्दल विचारल्यानं मुलांचा त्रास वाढत नाही असं त्यात दिसलं. तेव्हा विचारावं, त्याच शब्दात विचारावं. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी नंबर कुठूनही लागतो. काळजी घेणाऱ्यानंही त्यावर फोन केला तर चालतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. भारतातल्या आपल्या माणसांसाठी टेलि-मानस आहे, १४४१६, तिथे मराठीतून बोलता येतं.

लोक मला विचारतात, यातून काही चांगलं हाती लागतं का? लागतं, आणि पुष्कळ लागतं. बर्कलीच्या रिचर्ड सायडेन यांनी १९७८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९३७ ते १९७१ या काळात आत्महत्येच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर अडवल्या गेलेल्या ५१५ माणसांचं पुढे काय झालं, हे त्यांनी शोधून काढलं. त्यातली सुमारे ९४ टक्के माणसं एक तर अजून जिवंत होती, किंवा पुढे नैसर्गिक कारणानं गेली होती. म्हणजे ती घटका टळली की बहुतेकांचं आयुष्य पुढे चालू राहतं. माझ्या कामात मी ती घटका टळायची वाट बघते, समोरच्याबरोबर.

आणि सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. जेरोम मोटो. रुग्णालयातून सुटल्यावर पुढचे उपचार नाकारणारी ८४३ माणसं त्यांनी निवडली. त्यातल्या निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून पत्रं पाठवली. पत्र दोन-तीन ओळींचं. कसे आहात, तुमची आठवण आहे, लिहावंसं वाटलं तर लिहा, एवढाच आशय. ना सल्ला, ना औषध, ना "या बघू तपासायला." पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. काही जणांनी उलट पत्रंही लिहिली.

त्यांची ही हकीकत मी आमच्या नव्या थेरपिस्ट मुलांना सांगते. नाशिकच्या बहिणीला कुणीही सांगितलेलं नसताना ती आता दर रविवारी भाच्याला एक ओळ पाठवते. बहुतेक वेळा क्रिकेटबद्दल असते. तो दर वेळी उत्तर देतोच असं नाही.